दुचाकी, धूर आणि नियम : ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीएस-६, पीयूसी, पर्यावरण कर, जनरेटरची चिमणी, प्रदूषण मंडळाची संमती... ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, पनवेल इथून येणाऱ्या प्रश्नांपैकी जे पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. आधी गाडी, मग उद्योग आणि शेवटी अडनिडी प्रकरणं. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा दिलेलं नाही. जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बीएस-३, बीएस-४, बीएस-६ म्हणजे नेमकं काय?

बीएस म्हणजे भारत स्टेज. नव्या गाडीच्या सायलेन्सरमधून दर किलोमीटरला किती ग्रॅम विषारी वायू बाहेर पडलेला चालेल, याची सरकारने घातलेली मर्यादा. दुचाकींसाठी पहिला टप्पा २००० साली आला, बीएस-२ २००५ मध्ये, बीएस-३ २०१० मध्ये. बीएस-४ एप्रिल २०१७ पासून सरसकट लागू झाला आणि बीएस-६ १ एप्रिल २०२० पासून. पाचवा टप्पा आलाच नाही, सरकारने तो गाळला. बीएस-६ मध्ये पेट्रोल दुचाकीला किलोमीटरमागे १ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड, ०.१ ग्रॅम हायड्रोकार्बन आणि ०.०६ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड एवढीच मुभा आहे. युरोपातल्या युरो-५ चे आकडेही हेच आहेत.

ही परीक्षा गाडी विक्रीला येण्याआधी होते. कंपनी आपलं मॉडेल पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडे नेते. तिथे गाडी रोलरवर चढवून ठरलेल्या वेगांच्या आराखड्याप्रमाणे पळवतात आणि निघालेला वायू पिशव्यांत गोळा करून मोजतात. तुम्ही गाडी घरी आणल्यावर ही चाचणी तिच्यावर पुन्हा कधीच होत नाही. पुढची निम्मी उत्तरं या एका गोष्टीतूनच निघतात.

२. माझी गाडी कोणत्या टप्प्यातली आहे हे कुठे बघू?

आरसीवर छापलेलं असतं. जुन्या पुस्तकी आरसीवर किंवा सुरुवातीच्या स्मार्ट कार्डावर नसेल, तर एमपरिवहन अॅपमध्ये नंबर टाका. तिथेही रकाना रिकामा असेल, तर उत्पादनाचा महिना आणि वर्ष बघून वरच्या तारखांशी ताडून पाहा.

३. माझ्याकडे एमएच-०४ ची २००९ सालची स्प्लेंडर आहे. बीएस-६ आल्यावर ती चालवणं बेकायदा झालं का?

नाही. गाडी ज्या काळात बनली त्या काळाचा नियम तिला लागू. नवा टप्पा आला म्हणून जुन्या गाडीवर तो मागे जाऊन लादला जात नाही. तुमच्या गाडीचा खरा प्रश्न १५ वर्षांचा आहे, त्यासाठी प्रश्न ९ पाहा. दिल्लीत १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर आलेली बंदी दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी क्षेत्रापुरती होती. ती बातमी दर वर्षी व्हॉट्सअॅपवर नवी होऊन ठाण्यात पोहोचते आणि दर वर्षी लोक घाबरतात.

४. बीएस-६ गाडीत असं काय बदललं, की किंमत इतकी वाढली?

मोठा बदल म्हणजे कार्ब्युरेटर गेला. कार्ब्युरेटर हवेच्या ओढीवर पेट्रोल सोडतो. त्याला थंडी, ऊन, घाट यातलं काही कळत नाही. स्क्रू जसा फिरवून ठेवलाय तसं मिश्रण जातं. फ्युएल इंजेक्शनमध्ये टाकीतला पंप दाबाने पेट्रोल पाठवतो आणि इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा हे ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा संगणक, ठरवतो. इंजिनालगत सायलेन्सरच्या पाइपात बसवलेला ऑक्सिजन सेन्सर जळलेल्या वायूत किती ऑक्सिजन उरला हे सतत सांगत राहतो आणि त्यावरून पुढच्या फेरीचं मिश्रण दुरुस्त होतं.

एवढी बारीक राखण कशासाठी, तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी. सायलेन्सरच्या आत जाळीसारखा ठोकळा असतो, त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा अगदी पातळ लेप. कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड हे तिन्ही एकाच वेळी निकामी करायचे, तर हवा आणि पेट्रोलचं वजनी प्रमाण साधारण १४.७ ला १ याच्या आसपास राहावं लागतं. हवा वाढली की नायट्रोजन ऑक्साइड सुटतो, पेट्रोल वाढलं की बाकीचे दोन. कार्ब्युरेटरला ही तारेवरची कसरत जमत नाही.

शिवाय टाकीतून उडणारी पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा आला, आणि एप्रिल २०२३ पासून बिघाड स्वतः ओळखून डॅशबोर्डवर पिवळा दिवा लावणारी यंत्रणा दुसऱ्या पातळीवर गेली. सेन्सर, पंप, ईसीयू आणि मौल्यवान धातू, या चौघांचे पैसे गाडीच्या किमतीत आहेत. मात्र त्या काळातली सगळी भाववाढ बीएस-६ च्या नावावर टाकू नका. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागू लागला आणि १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) आलं. त्यांचा उत्सर्जनाशी काही संबंध नाही.

५. नव्या गाडीची निगा वेगळी घ्यावी लागते का? आमचा नाक्यावरचा मेकॅनिक म्हणतो, हिला हात लावणार नाही.

तेल, फिल्टर, चेन, ब्रेक, प्लग ही कामं तोच मेकॅनिक पूर्वीसारखीच करेल, ती काढून घेऊ नका. पिवळा दिवा लागला तर मात्र स्कॅनर असलेल्या गॅरेजलाच जा. बॅटरी काढून लावली की दिवा जातो, ही युक्ती सर्रास चालते. दिवा जातो, बिघाड तिथेच राहतो.

तीन सवयी बदला. टाकी रिझर्व्हच्या खाली नेऊन फिरवू नका, कारण टाकीतला पंप भोवतीच्या पेट्रोलनेच थंड राहतो. बॅटरी मरेपर्यंत वाट पाहू नका. बॅटरीत जीव नसला तर पंपही फिरत नाही, मग किक मारून काय उपयोग. आणि गाडी झटके देत चालत असेल तर "बघू दिवाळीनंतर" म्हणू नका. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि आतली जाळी वितळते. प्लग शंभर-दोनशे रुपयांत येतो, कन्व्हर्टरसकट सायलेन्सर कितीला पडतो ते एकदा काउंटरवर विचारून बघा.

पावसाळ्याचं एक. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात, नेमकं जिथून पंप ओढतो तिथे. जून ते सप्टेंबर गाडी उघड्यावर उभी राहणार असेल तर टाकीच्या झाकणाचं रबर आणि झाकणाखालची पाणी निघून जायची बारीक नळी एकदा तपासून घ्या. ती नळी चिखलाने बुजली की झाकणाभोवतीचं पाणी आत उतरतं.

६. मायलेज कमी झालं. बीएस-६ मुळे की ई-२० मुळे?

इंजेक्शनमुळे मायलेज पडायचं कारण नाही, अनेक गाड्यांचं उलट सुधारलं. ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते हे मात्र खरं. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच, जुन्या धाटणीच्या दुचाकींचं मायलेज ई-२० वर ३ ते ४ टक्के उतरेल असं म्हटलं आहे. म्हणजे ५० देणारी गाडी ४८ देईल. तुमची ३८ वर आली असेल तर टायरमधली हवा, क्लच आणि घोडबंदर रोडवरची सकाळ यांच्याकडे बघा.

एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे पाइप आणि रबर ई-२० ला टिकतील असे बनवलेले आहेत. त्याआधीच्या गाडीच्या रबरी नळ्या सर्व्हिसिंगला चाचपून घ्या. कडक झाल्या असतील किंवा भेगा दिसत असतील तर बदला. जुन्या गाडीला बीएस-६ चं पेट्रोल चालतं का, हाही प्रश्न येतो. चालतं. त्यात गंधक १० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत १०) उतरवलेलं आहे, बीएस-४ च्या पेट्रोलमध्ये ते ५० पर्यंत असे. इंजिनाला त्याचा काही त्रास नाही.

७. पीयूसी कधी काढायची आणि किती काळ चालते?

नव्या गाडीला नोंदणीपासून पहिलं एक वर्ष लागत नाही. नंतर बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांची पीयूसी १२ महिने चालते, त्याआधीच्या गाड्यांची ६ महिने. मालकांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. बीएस-३ गाडीवाला वर्षाची समजून निवांत बसतो आणि कोपरीच्या पुलाखाली ई-चलान येतं. कुठल्याही राज्यात काढलेलं प्रमाणपत्र देशभर चालतं. डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमधली प्रत पोलिसांना दाखवली तरी पुरते.

८. पीयूसीवाला नळी घालतो आणि मिनिटात कागद देतो. त्यात तपासतात तरी काय? शेजाऱ्याची गाडी धूर ओकते तरी पास होते!

पेट्रोल दुचाकीत दोनच गोष्टी, त्याही गाडी उभी असताना आणि आयडलवर: कार्बन मोनॉक्साइड किती टक्के आणि हायड्रोकार्बन किती पीपीएम. २००० नंतरच्या जुन्या फोर-स्ट्रोक गाड्यांना अनुक्रमे ३.५ टक्के आणि ४,५०० पीपीएम ही मर्यादा आहे. बीएस-६ गाड्यांना ती कितीतरी कडक आहे. नायट्रोजन ऑक्साइड तपासत नाहीत, सूक्ष्म कणही नाहीत. धुराचा काळेपणा मोजायची चाचणी डिझेल गाड्यांसाठी असते.

आता शेजाऱ्याची गाडी. निळसर-पांढरा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीलं गेली आहेत. आयडलवर ऑइल कमी जळतं, अॅक्सिलरेटर पिळला की धूर सुटतो. त्यामुळे केंद्रावर गाडी गुणी दिसते आणि तीन हात नाक्याच्या सिग्नलवरून सुटताना मागच्यांचे डोळे चुरचुरतात. चाचणी खोटी नसते, ती फक्त फार थोडं बघते. बीएस-६ सारखा कडक नियम करायचा आणि नंतर त्याची राखण एवढ्याशा नळीवर सोडायची, हा माझ्या मते आपल्या व्यवस्थेतला सगळ्यात मोठा कच्चा दुवा आहे.

चाचणी नीट व्हावी असं वाटत असेल तर इंजिन गरम करून जा, दहा-पंधरा मिनिटं चालवून. थंड कन्व्हर्टर काम करत नाही, तो काहीशे अंश तापावा लागतो. नळी सायलेन्सरमध्ये चांगली आतपर्यंत जायला हवी. तोंडाशी टेकवली तर बाहेरची हवा मिसळते आणि आकडे फसवे येतात. पडद्यावरचे आकडे स्वतः वाचा. दरवेळचे आकडे लिहून ठेवलेत तर कार्ब्युरेटर कधी बिघडायला लागला ते आपोआप कळेल. आणि गाडी न नेता, नंबरप्लेटचा फोटो पाठवून पीयूसी काढून देणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. तो सरळ खोटा कागद आहे.

९. गाडीला १५ वर्षं झाली. आता भंगारातच घालायची का?

सक्ती नाही. नोंदणी १५ वर्षांची असते, ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. मुदत संपायच्या आधी ६० दिवसांच्या आत नमुना २५ भरून अर्ज करायचा, गाडी आरटीओत दाखवायची: एमएच-०४ ठाण्याला, एमएच-४३ नवी मुंबईला, एमएच-४६ पनवेलला. विमा आणि पीयूसी चालू हवी.

खर्च दोन प्रकारचा. केंद्राचं नूतनीकरण शुल्क एप्रिल २०२२ पासून दुचाकीला १,००० रुपये झालं. २० वर्षांवरच्या दुचाकीला ऑगस्ट २०२५ मध्ये ते २,००० केलं. उशीर झाला तर महिन्याला ३०० रुपये जादा. दुसरा राज्याचा पर्यावरण कर, १५ वर्षांवरच्या दुचाकीला पाच वर्षांसाठी २,००० रुपये, तो महाराष्ट्रात २०१० पासून आहे. भरण्याआधी परिवहनच्या साइटवर चालू दर बघून घ्या.

करावं की नाही? इंजिन घट्ट असेल, रोज आठ-दहा किलोमीटरच चालत असेल, तर मी नूतनीकरण करेन. इंजिन उघडायलाच आलं असेल आणि चेसिस गंजलेली असेल, तर अधिकृत भंगार केंद्राकडे द्या आणि प्रमाणपत्र घ्या. नाक्यावरच्या भंगारवाल्याला दिलीत तर गाडी तुकडे होऊन जाते, पण नोंदणी तुमच्याच नावावर राहते.

१०. पीयूसी नसेल तर खरंच १०,००० रुपये दंड?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमाल दंड १०,००० रुपये आहे. त्याखेरीज तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने लायसन्स रद्द, हेही त्याच कलमात आहे. रस्त्यावर तडजोडीने भरायची रक्कम राज्य सरकार ठरवतं, ती कमालपेक्षा कमी असते.

११. अपघात झाला तेव्हा पीयूसी संपलेली होती. विमा कंपनी क्लेम नाकारू शकते?

फक्त पीयूसी नव्हती म्हणून नाही. विमा नियामकाने ऑगस्ट २०२० मध्ये हे स्पष्ट केलं आहे. गोंधळ २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशातून आला. त्यात पीयूसी असल्याशिवाय विम्याचं नूतनीकरण करू नये असं म्हटलं होतं. त्या अटीमुळे रस्त्यावर थर्ड पार्टी विम्याविना गाड्या राहू लागल्या, आणि जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने ती अट मागे घेतली. पोलिसांचा दंड मात्र वेगळा, तो भरावाच लागेल.

१२. बुलेटला फटाका सायलेन्सर बसवला तर उत्सर्जनाचा काय संबंध? आवाजच तर वाढतो.

बीएस-४ च्या आधीच्या गाडीत मुख्यतः आवाजाचाच प्रश्न होता. बीएस-६ गाडीत कन्व्हर्टर सायलेन्सरच्याच पाइपात असतो. "खाली पाइप" टाकला म्हणजे कन्व्हर्टरही काढून फेकला. ऑक्सिजन सेन्सरची जागा बदलली किंवा तो टांगता ठेवला, तर ईसीयूला चुकीची माहिती मिळते, मिश्रण बिघडतं, पेट्रोल जास्त जळतं आणि प्लग काळा पडतो. मग "बीएस-६ गाड्या बेकारच" असं म्हणायला आपण मोकळे.

आवाजाची मर्यादाही नव्या गाडीला ठरलेली आहे: ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, १७५ सीसीपर्यंत ७७, त्यावर ८०. दंड प्रश्न १० मधल्याच कलमाखाली. जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोड रोलर फिरवताना पोलिसांचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच.

१३. एमएमआरमध्ये (मुंबई महानगर प्रदेशात) पेट्रोल गाड्या बंद होणार म्हणतात. नवी गाडी घेऊ की थांबू?

मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाची स्वतःहून दखल घेतलेल्या याचिकेत, जानेवारी २०२५ मध्ये पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने हटवता येतील का याचा अभ्यास करायला सांगितलं आणि राज्याने समिती नेमली. त्यात ठाणे, रायगड, पालघरही येतात, म्हणून आपल्याकडे चर्चा जास्त. समितीचं काम शिफारस करणं. बंदी घालायची तर त्यासाठी राजपत्रात अधिसूचना निघावी लागते आणि तिच्यात तारखा असतात. आज गाडीची गरज असेल तर या बातमीपायी थांबू नका. रोजचं येणं-जाणं ठरलेलं असेल, सोसायटीत चार्जिंगला जागा असेल, तर विजेवरची गाडी हिशेबात घ्या. पण ती घरच्या हिशेबासाठी, बंदीच्या भीतीने नाही.

१४. या नियमांनी दुचाकी उद्योगाचं नुकसान झालं की फायदा?

दोन्ही, आणि एकाच कंपनीचं दोन्ही. आधी धक्के. २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस-३ गाड्या विकायला बंदी केली. कंपन्या समजत होत्या की त्या तारखेनंतर फक्त उत्पादन थांबेल, आधी बनलेला माल विकता येईल. देशभर सुमारे ८ लाख २० हजार गाड्या पडून होत्या, त्यातल्या सुमारे ६ लाख ७० हजार दुचाकी. पुढचे दोन दिवस शोरूमबाहेर रांगा लागल्या आणि हजारोंची सूट मिळाली.

त्यातून धडा घेऊन २०१८ मध्येच न्यायालयाने बीएस-४ ची शेवटची तारीख जाहीर करून टाकली, ३१ मार्च २०२०. आणि नेमकी त्याच आठवड्यात टाळेबंदी आली. पडून असलेल्या मालापैकी १० टक्के विकायला न्यायालयाने दिलेली सवलतही जुलैत मागे घेतली गेली, कारण तिच्या आडून जास्त गाड्या विकल्याचं दिसलं.

विक्रीचे आकडे बोलके आहेत. २०१८-१९ मध्ये देशात २ कोटी ११ लाख दुचाकी विकल्या गेल्या, २०२१-२२ मध्ये १ कोटी ३४ लाख. ही घसरण एकट्या बीएस-६ ची नाही. विमा, कोरोना, गावाकडची मंदी, सगळंच त्यात आहे. पण सगळ्यात स्वस्त १०० सीसीच्या गाडीला इंजेक्शन लावावं लागलं तेव्हा भाववाढ टक्क्यांत तिलाच जास्त बसली, आणि ती घेणाराच पैशाला सगळ्यात हळवा. काही इंजिनांवर खर्च करणं परवडलं नाही, ती बंद झाली. रॉयल एनफिल्डच्या ५०० सीसीच्या बुलेट-क्लासिक तशाच गेल्या.

फायदा असा, की भारतातली गाडी आणि युरोपातली गाडी कागदावर एकाच रांगेत आली. निर्यातीसाठी वेगळं इंजिन जुळवायची गरज कमी झाली. चाकण-वाळूजच्या कारखान्यांना त्याचा उपयोग झाला हे नक्की.

१५. आमचा रबाळ्याला गाळा आहे, सुट्या भागांचं जॉबवर्क करतो. बीएस-६ चा आमच्याशी संबंध काय?

कार्ब्युरेटरचे पितळी जेट, फ्लोटच्या पिना, चोकच्या तारा असलं काम असेल, तर मागणी नव्या गाड्यांकडून संपली आहे. उरली ती दुरुस्तीच्या बाजाराची. रस्त्यावर जुन्या गाड्या खूप आहेत, त्यामुळे काम एकदम थांबणार नाही, पण दरवर्षी आटेल. सेन्सरचे बुश, इंजेक्टरचे होल्डर, एग्झॉस्टच्या स्टेनलेस फ्लँज या कामांत मायक्रॉनचा हिशेब आणि प्रत्येक लॉटचा तपासणी अहवाल मागतात. जुन्या लेथवर हे जमेल असं स्वतःला समजावू नका.

दुसरा संबंध प्रदूषण मंडळाकडून तुम्ही घेतलेल्या संमतीचा, ती आणि तिचे गट काय ते प्रश्न १६ मध्ये पाहा. नुसतं टर्निंग-ड्रिलिंग करणाऱ्या गाळ्यात प्लेटिंग किंवा पिकलिंगची (आम्लात धातू साफ करायची) टाकी आली, की मंडळाच्या वर्गवारीत तुम्ही लाल गटात जाता. ग्राहक म्हणतो, "प्लेटिंगही तुम्हीच करून द्या," आणि माणूस कोपऱ्यात टाकी मांडतो. आधी संमतीपत्र वाचा.

१६. लाल, नारंगी, हिरवा, पांढरा... हे गट काय आहेत? दुचाकीच्या गॅरेजला संमती लागते का?

किती प्रदूषण होऊ शकतं त्यावरून उद्योगांना गुण दिले जातात. २०१६ च्या वर्गवारीत ६० आणि वर लाल, ४१ ते ५९ नारंगी, २१ ते ४० हिरवा, २० पर्यंत पांढरा अशी वाटणी होती. २०२५ मध्ये त्यात निळा गट आला. पांढऱ्याला फक्त कळवायचं, बाकीच्यांना महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून आधी उभारणीची आणि मग चालवण्याची संमती घ्यायची, १९७४ चा पाणी कायदा आणि १९८१ चा हवा कायदा यांखाली.

वाहनांची सर्व्हिसिंग, दुरुस्ती आणि रंगकाम हे २०१६ च्या यादीत नारंगी गटात होतं. नवं सर्व्हिस सेंटर काढत असाल तर जागेचा करार करण्याआधी चालू यादी पाहा. काढलेलं इंजिन ऑइल हा घातक कचरा आहे, तो अधिकृत रिसायकलरलाच द्यायचा आणि पावती ठेवायची. गटारात ओतलेलं ऑइल शेवटी ठाणे खाडीत जातं.

१७. वागळे इस्टेटमधल्या युनिटच्या जनरेटरवरून शेजारी तक्रार करतो. नियम काय?

दोन नियम. एक इंजिनाचा: १ जुलै २०२३ पासून ८०० किलोवॅटपर्यंतचे नवे जनरेटर केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या सीपीसीबी-४ प्लस मर्यादेत बसणारे हवेत. दुचाकीसारखंच, बनण्याच्या वेळचा नियम. दुसरा चिमणीचा, आणि भांडणं बहुतेक यावरूनच होतात. जनरेटरची क्षमता किती केव्हीए आहे ते पाहून त्या आकड्याचं वर्गमूळ काढा, त्याला ०.२ ने गुणा. जनरेटर ज्या इमारतीत आहे तिच्या उंचीपेक्षा एवढे मीटर चिमणी वर हवी. १०० केव्हीएला २ मीटर, २२५ केव्हीएला ३ मीटर. खिडकीशेजारून पाइप काढून वर नुसतं कोपर बसवलं असेल, तर शेजारी बरोबर आहे.

१८. कोपरखैरणे-वाशीत रात्री रसायनाचा वास येतो. आणि दंड आमच्या स्कूटरला! हा न्याय आहे का?

राग समजतो, पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत. टीटीसी पट्टा, म्हणजे ऐरोली-रबाळे ते तुर्भे-नेरूळपर्यंतची एमआयडीसी, तिथल्या वासाची तक्रार मंडळाच्या बेलापूरच्या कार्यालयाकडे करायची. वेळ, वाऱ्याची दिशा आणि वास कसला (सडलेल्या अंड्यासारखा, थिनरसारखा) हे लिहा. "रोज वास येतो" एवढ्यावर अधिकारी काही करू शकत नाही, रात्री ११.४० ला पावणे गावाच्या बाजूने आला, असं पाचजणांनी लिहिलं की कुठल्या रांगेत जायचं ते कळतं.

स्कूटरबद्दल सांगायचं तर एकटी गाडी किरकोळ आहे. पण देशातल्या विकल्या जाणाऱ्या वाहनांत सुमारे तीन चतुर्थांश दुचाकी असतात आणि त्यांचा धूर माणसांच्या अगदी जवळ निघतो. घोडबंदरला आणि उरण फाट्याला कंटेनर आणि बांधकामाची धूळ स्कूटरपेक्षा जड आहे, हेही तितकंच खरं. ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही शहरं राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहेत. महापालिकेने त्याखाली काय केलं, हा प्रश्न नगरसेवकाला विचारायला हवा.

१९. सीएनजी बाइकला आणि इलेक्ट्रिक स्कूटरला पीयूसी लागते का?

इलेक्ट्रिकला नाही. सीएनजीला लागते, जुलै २०२४ मध्ये आलेल्या बजाज फ्रीडमलाही. मुदत प्रश्न ७ प्रमाणेच.

२०. एका ओळखीच्याकडे "न वापरलेली" बीएस-४ गाडी स्वस्तात मिळतेय, नोंदणी झालेली नाही. घेऊ का?

मुळीच नको. ३१ मार्च २०२० आधी विकली जाऊन ई-वाहन पोर्टलवर चढवलेल्या गाड्यांनाच न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये नोंदणीची वाट दिली होती. बाकीच्यांना नंबर मिळणार नाही. आधीच नोंदणी झालेली सेकंडहँड बीएस-४ किंवा बीएस-३ गाडी मात्र बिनधास्त घ्या, हस्तांतरणाला काही अडचण नाही.

२१. वडिलांची आरएक्स-१०० आहे, १९८९ ची. टू-स्ट्रोकवर बंदी आहे ना?

चालवायला बंदी नाही. कडक होत गेलेल्या मर्यादांत टू-स्ट्रोक बसवणं अवघड झालं म्हणून त्या बनणं थांबलं. आरएक्स-१०० चं उत्पादन १९९६ मध्येच संपलं. टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण आत येताना त्यातलं काही न जळताच बाहेर निसटतं, म्हणून हायड्रोकार्बन जास्त. पीयूसीतही २००० च्या आधीच्या दुचाकींना ९,००० पीपीएमपर्यंत सूट आहे. नोंदणी जिवंत ठेवा आणि चांगलं टू-टी ऑइल योग्य प्रमाणात वापरा. जास्त ऑइल म्हणजे जास्त संरक्षण, हा समज धुराचं निम्मं कारण आहे.

"व्हिंटेज नोंदणी करू का?" असं विचारणाऱ्यांना: २०२१ च्या नियमाप्रमाणे त्यासाठी गाडी ५० वर्षांवरची आणि मूळ रूपात हवी. नोंदणीला २०,००० रुपये, आणि ती झाली की रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही. १९८९ च्या गाडीला तो दरवाजा अजून उघडलेलाच नाही.

२२. बीएस-६ गाडीचं इंजेक्शन सतत त्रास देतं. काढून जुना कार्ब्युरेटर बसवून देतो म्हणणारा आहे. चालेल?

गाडी चालेल, कायद्यात बसणार नाही. कंपनीने मंजूर करून घेतलेल्या रचनेत असा बदल कलम ५२ मध्ये बसत नाही, आणि कार्ब्युरेटरवर बीएस-६ ची पीयूसी मर्यादा गाठणं कठीण. "सतत त्रास" म्हणजे बहुतेकदा टाकीतलं पाणी, बुजलेला फिल्टर, ढिला कनेक्टर किंवा उंदराने कुरतडलेली वायर असते; पार्किंग खाडीकाठी असेल तर कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज आधी बघा. तो साफ करून, डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून, मग स्कॅनर जोडून घ्या. त्यातूनही इंजेक्टर खराब निघाला तर तो धुऊन घेता येतो, नवाच घ्यावा लागतो असं नाही.